‘सिस्टर, तुम्ही तरी खरं सांगा’

पत्र थोडक्यात: लिहिणाऱ्या वाचक 29 वर्षांच्या आहेत, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहेत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वॉर्डात एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका दाखल आहेत. काविळीसाठी आले होते, तपासण्यांत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे पित्ताला वाट देणारी छोटी नळी, टाकला आहे. मुलाने डॉक्टरांना आणि सगळ्या स्टाफला बजावलंय, ‘बाबांना फक्त कावीळ सांगा. कळलं तर हाय खाऊन जातील.’ डॉक्टरांनी ते मान्य केलं. एका नाईटला काकांनी या सिस्टरांचा हात धरून विचारलं, ‘पोरगं काही सांगत नाही. सिस्टर, तुम्ही तरी खरं सांगा. शेताची वाटणी करून ठेवायची राहिलीय.’ यांच्या तोंडून निघालं, ‘कावीळच आहे काका, उतरेल.’ तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे. त्या लिहितात, ‘माझे वडील शाळामास्तर. खोटं बोलायचं नाही हे घरातच शिकले. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी स्वतःचं नर्सिंगचं तत्त्वज्ञान लिहायची असाइनमेंट होती. त्यात मी लिहिलं होतं, पेशंटशी कायम प्रामाणिक राहीन. मेट्रन मॅडमशी बोलले तर त्या म्हणाल्या, घरची मूल्यं लॉकरमध्ये ठेवायची आणि मग वॉर्डात यायचं. आता पुढच्या नाईटला सरळ सांगून टाकू, की मॅडम म्हणतात तसं मन घट्ट करू?’

प्रिय सिस्टर,

तुमच्या पत्रातल्या शेताच्या वाटणीपाशी मी थांबले. साध्या काविळीचा माणूस रात्री जागून वाटणीचा विचार करत नाही. काकांना आजाराचं नाव कुणी सांगितलं नसेल. पण पँट कमरेवर राहत नाही हे त्यांना दिसतंय. मुलगा फोन आला की वॉर्डाबाहेर जातो, राउंडला डॉक्टर त्यांच्याऐवजी नातेवाइकांशी बोलतात, भेटायला येणारी माणसं जरा जास्तच गोड वागतात, हेही त्यांच्या नजरेतून सुटलेलं नसणार. जन्मभर गर्दीतल्या माणसांची तोंडं वाचत तिकिटं फाडलेला माणूस आहे तो. तेव्हा ‘त्यांना काहीच माहीत नाही’ हे तुम्ही सगळ्यांनी धरून चाललेलं गृहीत मला पटत नाही. त्यांना बरंचसं कळलंय आणि ते बोलायला त्यांना कुणी मिळत नाहीये, असं मला दिसतं. म्हणून त्यांनी तुमचा हात धरला.

तुम्ही माझ्यापुढे दोन वाटा ठेवल्या आहेत. सांगून टाकायचं किंवा मन घट्ट करायचं. मला दोन्ही नकोत, आणि का ते जरा सविस्तर सांगते.

आधी लॉकरबद्दल. मेट्रन मॅडमचा अनुभव मोठा आहे आणि त्यांना काय म्हणायचंय ते मला समजतं. वॉर्डात प्रत्येकीने आपापल्या घरचे नियम पेशंटवर चालवायला सुरुवात केली तर कठीण होईल. पण मूल्यं बाहेर ठेवून नर्सिंग करता येत नाही. रात्री तीन वाजता, कुणी बघत नसताना, बेशुद्ध पेशंटची कूस बदलायला तुम्ही उठता ती कशाच्या जोरावर? त्याला बेडसोअर झाला तर दुसऱ्या दिवशी कुणाचं नाव घेतलं जाईल, या भीतीने फार तर महिनाभर उठाल. पुढची सगळी वर्षं माणूस आतल्या कशामुळे तरी उठतो.

आपल्याच मुंबईतलं उदाहरण आहे. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 ला हल्ला झाला आणि 18 मे 2015 पर्यंत, म्हणजे जवळजवळ 42 वर्षं, त्या तिथेच खाटेवर होत्या. त्यांना सांभाळणाऱ्या परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, सांभाळणं थांबलं नाही. दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा केईएमचा स्टाफ विरोधात उभा राहिला. 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिका करणाऱ्यांपेक्षा, त्यांची रात्रंदिवस काळजी घेणाऱ्या केईएमच्या स्टाफचा आहे. त्या परिचारिकांचं मत बरोबर होतं का, यावर आजही दोन बाजू आहेत आणि दोन्हींकडे विचारी माणसं आहेत. मला इथे एवढंच दाखवायचंय की परिचारिकांनी आपली मूल्यं लॉकरमध्ये ठेवली नव्हती आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची दखल घेतली.

मात्र याच उदाहरणात तुमच्यासाठी इशाराही आहे. अरुणाबाई बोलू शकत नव्हत्या, म्हणून दुसऱ्यांना त्यांच्या वतीने बोलावं लागलं. तुमचे काका बोलतायत. त्यांच्या वतीने त्यांच्या मुलाने ठरवावं, डॉक्टरांनी ठरवावं किंवा तुम्ही ठरवावं, अशी ही वेळच नाही. त्यांनाच विचारता येतं.

आता तुमच्या प्रामाणिकपणाकडे वळते. तुम्हाला दुखवण्यासाठी विचारत नाही, पण ‘सरळ सांगून टाकू’ या शब्दांत मला तुमची स्वतःची सुटका जास्त ऐकू आली. सांगून टाकलं की तुमच्या छातीवरचं ओझं उतरेल. ते त्याच क्षणी काकांच्या छातीवर जाईल, रात्री दोन वाजता, शेजारच्या खाटेवर सलाईन चालू असताना. मग ते विचारतील: किती दिवस? दुखेल का? केमो करायची का, खर्च किती? यातल्या एकाचंही पूर्ण उत्तर तुमच्याकडे नसेल. तेवढ्यात दुसऱ्या खाटेवरची बेल वाजेल आणि तुम्हाला उठावं लागेल. सकाळपर्यंत तो माणूस त्या बातमीसोबत एकटा. नर्सने निदान सांगू नये असं मी म्हणते ते डॉक्टरांच्या मोठेपणासाठी नाही, या एकटेपणासाठी म्हणते.

मूल्यांची गाठ पडली की मी एक प्रश्न विचारायला शिकवत आले आहे: हे मूल्य काही मागतंय ते माझ्याकडून की पेशंटकडून? ‘मी खोटं बोलणार नाही’ हे मूल्य तुमच्याकडून मागतं, म्हणून ते पूर्ण तुमचं आहे. ते सोडायला तुम्हाला कुणीही सांगू नये, मेट्रननीही नाही. ‘त्यांनी सत्य ऐकलंच पाहिजे’ हे मात्र काकांकडून मागणं झालं, आणि तिथे काकांची परवानगी लागते.

हा प्रश्न इतर वाचक सिस्टर आणि ब्रदरांच्याही कामाला येईल, कारण अशी पत्रं मला वेगवेगळ्या वॉर्डांतून येतात. गर्भपातासाठी आलेल्या अविवाहित मुलीशी बोलताना एखादीच्या कपाळावर आठी येते. ‘मी असं केलं नसतं’ हे तिचं स्वतःपुरतं मूल्य झालं. पण त्यापायी त्या मुलीला दुखण्याचं इंजेक्शन उशिरा मिळालं, किंवा वॉर्डातल्या मावशींसमोर तिचा इतिहास मोठ्याने विचारला गेला, तर त्या मूल्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली. दारू पिऊन लिव्हर खराब झालेल्या पेशंटबद्दल तेच, विष घेऊन आलेल्या सुनेबद्दल तेच. उलट बाजूनेही पाहा. एखादा पेशंट आधी आडनाव विचारतो आणि मग ‘दुसऱ्या सिस्टरला पाठवा’ म्हणतो. त्याचं मूल्य तुमच्याकडून तुमचा सन्मान मागतंय, आणि तो देण्याचं तुमच्यावर कसलंही बंधन नाही. अशा वेळी इन्चार्जने तुमच्या पाठीशी उभं राहायला हवं.

तुम्ही लॅम्प लायटिंगच्या, म्हणजे नर्सिंगच्या शपथविधीच्या दिवशी जी शपथ घेतलीत, तीही आठवून पाहा. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाची ती मूळ शपथ 1893 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाली. तिच्यात डॉक्टरांना त्यांच्या कामात निष्ठेने मदत करीन आणि माझ्या हवाली केलेल्यांच्या कल्याणाला वाहून घेईन, अशी दोन वचनं शेजारी शेजारी आहेत. दोन्ही एकाच दिशेला असतात तोवर प्रश्न येत नाही. ती वेगळी झाली की काय करायचं, हे शपथ सांगत नाही. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने 1953 मध्ये पहिली आचारसंहिता स्वीकारली आणि 1973 च्या सुधारणेत स्पष्ट लिहिलं की परिचारिकेची पहिली जबाबदारी, ज्यांना शुश्रूषेची गरज आहे त्यांच्याशी. म्हणजे काकांशी. मुलाची विनंती आणि डॉक्टरांचा निर्णय यांना मान आहेच, पण तो त्यानंतर.

मग करायचं काय?

काका पुन्हा विचारतील. तेव्हा हातातला ट्रे खाली ठेवा आणि खुर्ची ओढून बसा. उभ्या माणसाला कुणी मनातलं सांगत नाही. उत्तर द्यायची घाई करू नका, आधी विचारा: ‘काका, तुम्हाला असं का वाटतंय?’ आणि गप्प राहा. ते बोलतील. कदाचित ‘मला कॅन्सर आहे ना’ असं स्वतःच म्हणतील. कदाचित म्हणतील, ‘नको, मला काही ऐकायचं नाही, फक्त वाटणीचं होऊ दे.’ ही दोन वेगळी माणसं आहेत आणि त्यांना वेगळी उत्तरं हवीत. नंतर विचारा, ‘तुमच्या आजाराबद्दल सगळं सविस्तर कळायला हवंय, की ते मुलाने बघावं असं वाटतं? कुणाकडून ऐकायला आवडेल?’ सगळं जाणून घेणं हा जसा त्यांचा हक्क, तसं न जाणून घेणंही त्यांच्या हातात आहे. ‘पोराला सांगा, तो बघेल’ असं ते शांतपणे म्हणाले, तर मुलाशी बोलणं ही लपवाछपवी राहत नाही, ती काकांची इच्छा होते. आपल्याकडे अशी निवड करणारी वडीलधारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांना मागासलेलं समजू नका.

आणि त्यांना कळायला हवं असेल तर म्हणा: ‘तुमचे रिपोर्ट समजावून सांगायचं काम डॉक्टरांचं आहे, कारण तुमच्या पुढच्या प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडे आहेत. पण तुम्ही विचारलंय हे मी सकाळी त्यांना सांगणार. ते बोलायला बसतील तेव्हा मला जमलं तर मीही येईन.’ यात एकही शब्द खोटा नाही. ‘टेन्शन घेऊ नका, काही नाही झालं’ हे मात्र पुन्हा नको. ‘काही नाही’ ऐकलं की विचारणारा पुढे विचारायचा थांबतो, आणि आपल्याला वाटतं त्याचं समाधान झालं.

त्या रात्रीच्या उत्तराचंही काहीतरी करायला हवं. ते तसंच सोडलंत तर तुमच्या पुढच्या प्रत्येक शब्दावर त्याची सावली राहील. संधी मिळाली की म्हणा, ‘काका, त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि मी घाईत उत्तर दिलं. तुमचा प्रश्न महत्त्वाचा होता.’ एवढं पुरे. दमलेल्या, एकट्या नाईटच्या सिस्टरने मुलाची विनंती आणि डॉक्टरांचा आदेश आठवून दिलेलं ते उत्तर होतं. त्यावरून तुम्ही तुमच्या वडिलांची शिकवण मोडीत काढलीत, असं मी मानत नाही. तुम्हीही मानू नका.

सकाळी हँडओव्हरला हे सांगितलंच पाहिजे आणि नर्सेस नोट्समध्ये लिहिलंच पाहिजे, शक्यतो काकांच्याच शब्दांत: ‘पेशंट विचारतात, मला खरं काय झालंय; शेताची वाटणी करायची आहे असं म्हणतात.’ तुमचं मत त्यात घालू नका. केसपेपरवर आलेल्या वाक्याचं वजन कॉरिडॉरमध्ये बोललेल्या वाक्यापेक्षा फार जास्त असतं.

डॉक्टरांशी बोलताना ‘हे चूक आहे सर’ अशी सुरुवात केलीत तर बोलणं तिथेच संपेल. ‘पेशंटने स्वतः विचारलंय, मी काय उत्तर देऊ?’ असं विचारा. मग हा प्रश्न त्यांचाही होतो. डॉक्टरांसाठी असलेल्या 2002 च्या आचारनियमांत लिहिलंय की आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. खरं तर त्याच नियमात पेशंट, नातेवाईक किंवा जबाबदार मित्र यांना माहिती असावी असं म्हटलंय, आणि त्या ‘किंवा’चा आधार घेऊन आपल्याकडे पेशंटला वगळलं जातं. पण संमतीपाशी हा आधार तुटतो. 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पेशंट सज्ञान आणि सक्षम असेल आणि तातडीचा प्रसंग नसेल, तर त्याच्याऐवजी नातेवाइकाने दिलेली संमती चालत नाही. त्या प्रकरणात तर सख्ख्या आईची सही होती. तेव्हा काकांना उद्या केमो द्यायची ठरली, तर कशासाठी सही करतोय हे त्यांना कळायलाच हवं. शिवाय राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहितीचा हक्क पहिल्यांदा येतो. तुमच्या हॉस्पिटलात ती सनद भिंतीवर लावलेली असेल. वाद घालताना तिच्याकडे बोट दाखवू नका, पण ती आहे हे लक्षात असू द्या.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा: घाई आहे. स्टेंट बंद पडला, जंतुसंसर्ग झाला, ताप चढला तर काका आज आहेत तेवढे सावध राहतील असं नाही. वाटणी शुद्धीत, शांतपणे करायची असेल तर ते दिवस हातातून जातायत. घरच्यांना ‘कळलं तर खचतील’ ही भीती असते. न कळल्यामुळे सातबारा तसाच राहिला आणि मागे भावंडं कोर्टात गेली, ही शक्यता त्यांनी मोजलेलीच नसते.

आता मुलगा. तुमच्या पत्रात तो थोडा खलनायकासारखा आलाय, आणि मला त्याची बाजू घ्यावीशी वाटते. त्याने वडिलांना वाचवण्यासाठी हातात होतं ते केलं. आजार थांबवता येत नाही, मग बातमी तरी थांबवू, असं त्याला वाटलं. त्यालाही घरी जाऊन रडायला जागा नसेल, कारण घरी आईलाही सांगितलेलं नसेल. त्याला नियम ऐकवू नका. दुपारच्या वेळी बाजूला घेऊन विचारा, ‘दादा, बाबांना कळलं तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?’ त्याला बोलू द्या. मग सांगा, ‘बाबांनी मला रात्री स्वतः विचारलंय. मी आपणहून त्यांना काही सांगणार नाही. पण त्यांनी पुन्हा विचारलं तर खोटं बोलणं मला जमणार नाही. त्यापेक्षा डॉक्टर, तुम्ही आणि बाबा एकत्र बसा. त्यांना किती ऐकायचंय, हे आधी त्यांनाच विचारू.’ हे ऐकून अनेक नातेवाइकांच्या चेहऱ्यावर राग येण्याऐवजी सुटल्यासारखा भाव येतो. रोज वडिलांसमोर हसरा चेहरा घेऊन बसणं त्यांनाही जड झालेलं असतं.

बैठकीनंतर बातमीहून मोठा भाग सुरू होतो, आणि तो तुमचा आहे. दुखणं किती आणि त्यावर औषध काय, खाज, भूक, झोप, घरी नेल्यावर कुणाला फोन करायचा. दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या या शुश्रूषेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ती म्हणजे उपचार सोडून देणं, हा समज अजून खूप ठिकाणी आहे. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन 1986 मध्ये सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरा न होणारा आजार असलेल्यांची शुश्रूषा करणारी जागा. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. तुमच्या जिल्हा रुग्णालयात अशी सेवा आहे का, याची चौकशी आजच करून ठेवा. ‘आता काही करण्यासारखं नाही’ हे वाक्य काकांच्या कानावर पडू नये यासाठी ही माहिती हाताशी हवी.

एवढं करूनही डॉक्टर नाही म्हणाले, मुलगा अडून बसला, मेट्रननी हात वर केले, असं होऊ शकतं. तेव्हा आजाराचं नाव तुमच्या तोंडून जाणार नाही, आणि खोटंही जाणार नाही. ‘याचं उत्तर मी देऊ शकत नाही काका, पण तुमच्याजवळ बसू शकते’ हे वाक्य तेव्हाही उरतं. योग्य काय ते दिसतंय आणि व्यवस्थेमुळे करता येत नाही, या घुसमटीला 1984 मध्ये अँड्र्यू जेमटन या अमेरिकी तत्त्वज्ञाने मॉरल डिस्ट्रेस असं नाव दिलं. ते नर्सेसबद्दलच लिहीत होते. तुमची उडालेली झोप त्यातलीच आहे. तिला दुबळेपणा समजून मन घट्ट करत गेलात, तर काही वर्षांनी कुणी हात धरला तरी काही वाटेनासं होईल.

त्यावर मला ठाऊक असलेला एक साधा उपाय आहे, तुमच्या वॉर्डात करून बघा. महिन्यातून एकदा, शिफ्ट बदलताना अर्धा तास, फक्त नर्सिंग स्टाफने बसायचं आणि मनाला लागलेल्या एका केसबद्दल बोलायचं. कुणाची चूक काढायची नाही, पेशंटचं नाव घ्यायचं नाही, वॉर्डाबाहेर काही न्यायचं नाही. मेट्रन मॅडमनाच पहिल्यांदा बोलायला सांगा. लॉकरचं वाक्य त्यांनाही कधीतरी कुणीतरी ऐकवलं असेल, आणि त्याआधी त्यांच्या वॉर्डात काहीतरी घडलं असेल. इन्चार्ज सिस्टर पहिल्यांदा ‘एवढा वेळ कुठे आहे’ म्हणतील. पुढच्या महिन्याची ड्युटी लिस्ट लागायच्या आधी त्यांना पुन्हा विचारा.